तृण, काष्ठ आणि छप्पर : यवतमाळ जिल्ह्यांतील कोलाम पोडांतील हिवाळी घरदुरुस्ती

जुन्या इनामी सनदा ज्यांच्या नित्य वाचनांतल्या आहेत त्यांस ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप’ ही पदावली पाठ असते. इतकी पाठ कीं, दृष्टि तिच्यावरून सरळ पुढें निसटते आणि साल, चतुःसीमा व शिक्का यांवर जाऊन स्थिरावते. लेखकूनें ठरलेल्या वळणानें उतरलेला मजकूर तो, त्यांत शोधण्यासारखें काय, असें वाटणें स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही या पदावलींतील ‘तृण’ व ‘काष्ठ’ या दोन शब्दांपाशींच थांबणार आहों. गवत कोणाचें आणि लांकूड कोणाचें, या प्रश्नाचें व्यवहारांतील रूप म्हणजे घरावर छप्पर कोणाच्या अनुज्ञेनें चढतें हा प्रश्न होय. आणि तो यवतमाळ जिल्ह्यांतील कोलामांच्या पोडांत जितका उघडा दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

कोलाम ही द्राविडी भाषा बोलणारी जमात. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर लिहिलेल्या चार खंडांच्या ग्रंथांत (१९१६) तिची वस्ती मुख्यतः यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यांत सांगितली आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडांतील कोरीव लेखांची जी यादी आपल्या सर्वांच्या हाताशीं असते ती याच हिरालालांची, आणि तीहि १९१६ चीच. एकाच संशोधकानें एकाच वर्षीं दगडावर व ताम्रपटावर लिहिणाऱ्यांची आणि कांहींच न लिहिणाऱ्यांची अशा दोन्ही नोंदी प्रसिद्ध कराव्या, हा योग मोठा बोलका आहे. कोलामांची वस्ती वणीप्रमाणेंच मारेगांव, झरी-जामणी, केळापूर, घाटंजी व राळेगांव या भागांत, वर्धा व चंद्रपूर जिल्ह्यांत आणि पैनगंगेपलीकडे आदिलाबादेकडे आहे. त्यांच्या भाषेचें व्याकरण लिहिणाऱ्यांत आपले इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे एक. पुढें एमेनो यांनीं वर्धा जिल्ह्यांतील कोलामीवर स्वतंत्र ग्रंथ केला, तो १९५५ मध्यें निघाला. या भाषेंत घरास ‘एल्ला’ म्हणतात. तेलुगूंतील ‘इल्लु’ व तमिळांतील ‘इल्’ यांच्याशीं त्याचें नातें उघड आहे. कोलामांच्या बोलींत शेजारच्या मराठीचे शब्द पुष्कळ शिरले, परंतु घराचा शब्द त्यांचा त्यांच्यापाशींच राहिला आहे.

कोलामांच्या वस्तीस पोड म्हणतात. मोकळ्या चौकाभोंवतीं घरांच्या ओळी, चौकांत चावडी, आणि वस्तीचा प्रमुख तो नाईक. बहुतेक पोडें मूळ गांवापासून दूर, रानाच्या कडेस किंवा डोंगराच्या उतारावर असतात. आपल्या कागदांत गांवाचे ‘काळी’ व ‘पांढरी’ असे दोन भाग येतात. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पोड या दोहोंतहि धड बसत नाहीं. पोडांत बलुतेदारहि नाहींत. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं ‘गांवगाडा’ या ग्रंथांत (१९१५) सुतार, लोहार, कुंभार यांच्या बलुत्याचा जो हिशेब मराठींत मांडला तो खळ्यावरील धान्याचा हिशेब आहे. पोडांत सुतार नसल्यामुळें मेढ ज्याची त्यानेंच तासावी, आणि ती उभी करण्यास शेजाऱ्यानें हात लावावा, एवढीच व्यवस्था शिल्लक राहते.

आतां हें काम हिवाळ्यांत कसें चालतें तें पाहूं. मृगापूर्वीं छपराची डागडुजी सगळ्याच महाराष्ट्रांत होते. कुडाच्या घराचें निम्मेंअधिक काम मात्र मार्गशीर्ष-पौषांतलें आहे, कारण सामान त्या वेळीं हातीं येतें. पावसाळी गवत दिवाळीनंतर पिवळें पडून वाळूं लागतें. हिरवें कापलें तर तें छपरावर कुजतें. फाल्गुनापर्यंत थांबावें तर रानास वणवा लागण्याची भीति. मधले दोन महिने हाच त्याचा खरा हंगाम. बांबूचेंहि तसेंच. वाढीच्या दिवसांत तोडलेला बांबू गोड असतो व त्यास भुंगा लागतो. थंडींत तोडलेला टिकतो, आणि त्यांतहि अंधाऱ्या पंधरवड्यांत तोडावा अशी शेतकऱ्यांची समजूत आहे. पंधरवड्याचें आम्ही सोडून देतों. थंडीचें म्हणणें अनुभवाचें आहे. तिसरी गोष्ट पाण्याची. पौषांत नाल्यास पाणी असतें, चैत्रांत नसतें. शिवाय थंड हवेंत लिंपलेली भिंत हळूहळू वाळते म्हणून तडकत नाहीं. वैशाखाच्या उन्हांत तीच दोन दिवसांत भेगाळते.

माती आदल्या दिवशीं भिजत घातलेली असते. शेतांतली काळी माती या कामास निरुपयोगी. ती पाण्यानें फुगते व वाळतांना फाटते, म्हणून पांढरी किंवा तांबडी माती खणून आणावी लागते. तींत गवताचा भुसा व शेण घालून पायांनीं तुडवितात. सकाळीं शेकोटीपाशीं माणसें गोळा होतात, ऊन अंगणांत आलें कीं कामास लागतात. पुरुष बांबू चिरून कामट्या काढतात. कोलाम बुरुडकामांत मुळांतच तरबेज असल्यामुळें कूड विणणें त्यांस टोपली विणण्याहून वेगळें वाटत नाहीं. उभ्या काठ्यांत कामट्या आडव्या गुंफून भिंतीचा तट्टा तयार झाला कीं बायका दोन्ही बाजूंनीं त्यावर माती थापतात. एक आंतून, एक बाहेरून, म्हणजे दोहोंचा दाब कुडांत मिळतो. मुलें पाणी व मातीचे गोळे पोंचवितात. म्हाताऱ्यांकडे दोरीचें काम. पळसाच्या मुळांची साल ठेंचून काढलेला वाख वळून ही दोरी करितात. साऱ्या घरांत लोखंडी खिळ्याचें काम पडत नाहीं.

छप्पर उतरावयाचें असेल तर मात्र सर्व पोडाचें लक्ष तिकडे लागतें. सागाच्या दुबेळक्याच्या मेढी जमिनींत रोवलेल्या, त्यांवर आढें, आढ्यापासून वळचणीपर्यंत बांबूचे वांसे, वांशांवर आडव्या कामट्या आणि त्यांवर गवताचे थर, अशी याची रचना आहे. कांहीं ठिकाणीं गवताखालीं सागाचीं पानें अंथरतात. गवत वळचणीकडून वर चढवीत न्यावयाचें, म्हणजे वरचा थर खालच्यावर येऊन पाणी निथळून जातें. प्रत्येक पेंढी बांधण्यास दोन माणसें लागतात. एक छपरावर बसून दोरी आंत सोडतो, दुसरा आंतून ती कामटीखालून घेऊन परत वर देतो. एकट्यानें शाकारणी होत नाहीं ती या कारणानें. दुसरें कारण वेळेचें. उघडें पडलेलें घर सूर्यास्तापूर्वीं झांकलें पाहिजे, नाहींतर पौषांतील रात्र लेकरांबाळांसह उघड्यावर काढावी लागते. आठ दिवसांचें एका माणसाचें काम एका दिवसांत करावयाचें तर आठ माणसें हवींत. एवढें साधें गणित या सहकार्याच्या मुळाशीं आहे. सहजीवनाचें कौतुक करणारे लेखक यास केवळ स्वभावाचा गोडवा म्हणतात. आमच्या मतें स्वभाव त्यांत असेलच, पण दोरीचीं दोन टोकें त्याहून अधिक आहेत.

ज्याचें घर त्यानें जेवण घालावें. ज्वारीची भाकर, तुरीचें वरण, हंगामांत अंबाडीची भाजी. मजुरी नाहीं. आज याच्या घरीं आलेल्यांच्या घरीं उद्यां यानें जावयाचें. मराठींत यास सावड म्हणतात. नांगरणीसाठीं औतें जमवून अशीच मदत केली तर तिला इर्जिक म्हणतात. चावडीचें छप्पर सर्वांचें, म्हणून तेथें सर्व घरांनीं हात लावावा. हा सर्व हिशेब डोक्यांत असतो, कागदावर कधींच येत नाहीं.

कागदावर काय येतें, तें पाहणें येथें उद्बोधक होईल. वाकाटक नृपति दुसरा प्रवरसेन याच्या अठराव्या राज्यवर्षांतील चम्मक ताम्रपट वऱ्हाडांतच, एलिचपुराच्या परिसरांत सांपडला. इसवी सनाच्या पांचव्या शतकांतील त्या दानपत्रांत दत्त गांवास ज्या सवलती दिल्या आहेत त्यांत ‘सर्वविष्टिपरिहार’ आहे, म्हणजे सर्व प्रकारच्या वेठीची माफी. विष्टि तीच वेठ. मराठी अंमलांतील सनदांतहि वेठबेगार माफ केल्याचे उल्लेख विपुल आहेत. म्हणजे, दुसऱ्याच्या घराचें काम सक्तीनें करावें लागे याची नोंद पंधराशें वर्षांची आहे, कारण सक्तींतून सूट देणें ही राजाची देणगी होती आणि देणगीस दस्तऐवज लागतो. आपखुशीनें केलेल्या कामांतून सूट कोण मागणार, आणि ती देणार तरी कोण? म्हणून सावडीचा कागद झाला नाहीं. दप्तरावरूनच गतकाळ पाहणाऱ्यास जुना वऱ्हाडी माणूस सदैव वेठीस धरलेला दिसतो, याचें कारण दप्तराच्या या स्वभावांत आहे.

सनदांतील ‘तृण, काष्ठ’ याचाहि अर्थ आतां अधिक स्पष्ट होतो. इनामदारास गांव देतांना गवत व लांकूड सोबत दिलें जाई. म्हणजे तें कोणाचें तरी देण्याजोगें धन मानलें जाई. पण सनद असलेल्या गांवांपलीकडे, चांद्याच्या गोंड राजांच्या आणि पुढें नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालील डोंगराळ रानांत, पोडकऱ्यास गवताच्या भाऱ्यासाठीं कोणाचा कागद दाखविण्याचें कारण पडत नसे. हक्क होता, परंतु तो वापरांत होता, लेखांत नव्हता.

वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांकडे कारभारास आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यास पुढें वणी जिल्हा म्हणूं लागले. यवतमाळ हें नांव त्यास १९०५ मध्यें मिळालें. शेजारच्या मध्यप्रांतांत मालगुजारी होती आणि तेथील ‘वाजिब-उल्-अर्ज’ नांवाच्या ग्रामनोंदींत रानांतून गवत, लांकूड, बांबू आणण्याचे गांवकऱ्यांचे रिवाज लिहून ठेवण्याची चाल होती. वऱ्हाडांत मुंबईच्या धर्तीची रयतवारी आली. पडीत जमिनी इजाऱ्यानें दिल्या गेल्या, आणि जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या नांवांस ‘इजारा’ हें पद अद्याप चिकटलेलें आहे. जंगलासाठीं १८८६ चा वऱ्हाडचा स्वतंत्र वनकायदा झाला. सरकारी जंगलाचे तीन वर्ग पाडण्यांत आले : इमारती लांकूड व जळण यांचा पहिला, राखीव गवताच्या रमण्यांचा दुसरा आणि गुरचराईचा तिसरा. छपराचें गवत, कुडाचा बांबू आणि मेढीचा साग हीं एकाच घराचीं तीन अंगें. तीं निरनिराळ्या वर्गांत, निरनिराळ्या नियमांखालीं गेलीं. ज्या दिवशीं पोडानें एकत्र जमून घर शाकारावयाचें त्या दिवसापूर्वीं आतां परवाना, शुल्क किंवा ठेकेदार येऊं लागला.

आणि येथेंच प्रथम कागद निर्माण झाला. जो भारा शेंकडों वर्षें नोंदीशिवाय डोक्यावरून आला, तो आतां लिलावाच्या जाहिरातींत, पासांत किंवा गुन्ह्याच्या नोंदींत दिसूं लागला. १९२७ च्या भारतीय वनकायद्यानें गवताचा समावेश वनोपजांत केला आणि ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येंत बांबू घातला. वनस्पतिशास्त्राप्रमाणें बांबू हें गवत. कायद्यानें त्यास वृक्ष ठरविलें, आणि ही व्याख्या नव्वद वर्षें टिकली. २०१७ च्या अखेरीस अध्यादेशानें व पुढें दुरुस्ती-कायद्यानें ‘बांबू’ हा शब्द त्या व्याख्येंतून वगळण्यांत आला. ज्यांनीं कूड विणण्यांत आयुष्य घालविलें त्यांस या शास्त्रार्थाचें हसूंच आलें असतें.

मधल्या काळांतील एक प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. १० जुलै १९३० रोजीं पुसद येथें लोकनायक बापूजी अणे यांनीं राखीव रानांतील गवत कापून जंगलसत्याग्रहास आरंभ केला. त्यांस अटक होऊन शिक्षा झाली. मिठाच्या कायद्यास समुद्र हवा. समुद्रापासून दूर असलेल्या वऱ्हाडानें गवताचा कायदा निवडला, ही निवड अचूक होती. मात्र तो आषाढ होता, हें आमच्या विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या महिन्यांतील कोंवळें गवत फार तर गुरांस चालेल, छपरास चालणार नाहीं. सत्याग्रहाचा विळा कायद्यावर होता, आणि तो योग्यच होता. घरासाठीं चालणारा विळा पौषांतला. त्या विळ्याच्या हकीकती वृत्तपत्रांत आल्या नाहींत. आल्या असतील तर दंडाच्या पावतींत. स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास लिहितांना पहिल्या विळ्यासाठीं जेवढीं पृष्ठें खर्चिलीं गेलीं त्यांतील चार जरी दुसऱ्यासाठीं राखलीं असतीं तरी या जिल्ह्याचा इतिहास अधिक पुरा झाला असता.

हा सर्व विचार केवळ पुराणवस्तूचा नव्हे. २००६ च्या वनहक्क मान्यता अधिनियमानें निस्तारासारखे सामूहिक हक्क, बांबूसह गौण वनोपजावरील मालकी, आणि आदिम जमातींचा वसतिस्थानावरील हक्क हे मान्य केले आहेत. महाराष्ट्रांत आदिम म्हणून गणलेल्या तीन जमाती आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. परंतु हक्क मागणाऱ्यानें पुरावा द्यावयाचा असतो. २००८ च्या नियमांत पुराव्याचे प्रकार दिले आहेत आणि दाव्यास त्यांतील निदान दोन हवेत. त्यांत घर व झोपडी यांसारख्या प्रत्यक्ष खुणा आहेत. आतां गवताच्या घराचें दुर्दैव असें कीं, तें कधीं जुनें दिसतच नाहीं. छपराचें गवत दोन-तीन पावसाळ्यांत बदललेलें, कूड कांहीं वर्षांपूर्वींचा, लिंपण गेल्या पौषांतलें. जितकी दुरुस्ती चोख तितका पुरावा कोंवळा! दगडी वाडा पडका असला तरी त्याचें वय सांगतो. शाकारलेलें घर पिढ्यानपिढ्या एकाच जागीं असूनहि परवांचें वाटतें. वय असतें तें मेढीस. सागाची मेढ एकदोन पिढ्या सहज पाहते, आणि पोड हलविल्यास ती उपटून नव्या जागीं नेतां येते. म्हणून घराची पाहणी करणाऱ्यानें छपराकडे न पाहतां मेढीच्या बुडाशीं पाहावें, असें आम्ही सुचवितों.

त्याच नियमांतील दुसरे कांहीं प्रकार थेट आपल्या क्षेत्रांतले आहेत. गॅझेटियर, खानेसुमारी, मोजणी व जमाबंदीचे अहवाल हे पुरावा म्हणून चालतात. पूर्वीच्या संस्थानांचीं व प्रांतांचीं दप्तरें चालतात. नामांकित संस्थांनीं केलेल्या रूढींच्या नोंदी चालतात. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचीं लिहून घेतलेलीं निवेदनेंहि चालतात. म्हणजे, खाजगी पेटाऱ्यांत पडलेला इजारदाराचा कीर्दखतावणीचा बाड एखाद्या पोडाच्या वहिवाटीचा साक्षीदार ठरूं शकतो. त्यांत ‘छप्परास गवत’ किंवा ‘बांबू पोडकरी’ अशी एक ओळ निघाली तर तिचें मोल एखाद्या शिक्केबंद सनदेहून कमी नाहीं.

यवतमाळास या कामाची परंपरा आहे. डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनीं तेथें शारदाश्रम स्थापून हस्तलिखितें जमविण्यांत हयात वेंचली. त्यांच्या ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ या ग्रंथानें (१९२५) एका बंद भांडाराचें दार उघडलें. ज्यांनीं मठांतून व खेड्यांतून पोथ्या जमविल्या आहेत त्यांस हें सांगावयास नको कीं, पोथीचें आयुष्य तिच्यावरील छपराच्या आयुष्याएवढेंच असतें. वाळवी व गळती यांतून जें वांचलें तें कोणीतरी दर वर्षीं वर चढून छप्पर नीट केलें म्हणून वांचलें. त्या माणसाचें नांव पुष्पिकेंत येत नाहीं.

आतां कोलाम पोडांतून कवेलूंचीं, पत्र्याचीं व सिमेंटचीं घरें वाढत आहेत. आदिम जमातींसाठीं केंद्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें जी जनमन योजना सुरू केली तींत पक्क्या घरांची तरतूद आहे. याबद्दल हळहळ करणारांत आम्ही नाहीं. गळकें छप्पर हा वारसा नव्हे. ज्यास त्याखालीं झोपावें लागत नाहीं त्यासच तो तसा वाटतो. शिवाय पौष हा कापूस वेंचणीचाहि महिना. वेंचणीची मजुरी वजनावर मिळते, आणि शेजाऱ्याच्या कुडासाठीं दिवस मोडणें म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणें. पक्क्या घरानें तो दिवस वांचतो. परंतु कूड गेला कीं बांबू आणण्याची वाट मोडेल, वाट मोडली कीं वहिवाट मोडेल, आणि वहिवाट मोडल्यावर ती होती हें सांगणारीं माणसें हयात असतीलच असें नाहीं. म्हणून संग्राहक मंडळींस आमची विनंती आहे कीं, त्यांच्यापाशीं अगर त्यांच्या परिचितांपाशीं वणी, केळापूर, घाटंजी, राळेगांव व पुसद या भागांतील इजारदारांच्या वह्या, रमण्याच्या ठेक्याचे कागद, गवत-लांकडाचे पास किंवा दंडाच्या पावत्या असतील तर त्यांची यादी मंडळाकडे पाठवावी. वस्तु पाठविण्याची आवश्यकता नाहीं, नक्कल पुरेल; मात्र नकलेवर पोडाचें नांव, जवळचा नाला व महिना हे मुळांत असतील तसे उतरावे, ‘वगैरे’ म्हणून गाळूं नयेत. जे या भागांत प्रत्यक्ष हिंडतात त्यांनीं वृद्धांकडून मेढ, आढें, वांसा, कामटी, वाख यांसाठीं असलेले कोलामी शब्द, तसेंच गवत कोणत्या टेकडीवरून व कोणत्या महिन्यांत आणीत हें, सांगणाऱ्याच्या संमतीनें व तारीख घालून लिहून घ्यावें.